चामड्याचे वजन आणि जातीचे वजन

मोटारसायकलवाल्यांच्या आणि जुन्या जॅकेटांच्या शौकिनांच्या जगात एक वाद कित्येक वर्षे चालू आहे. जॅकेटचे चामडे जाड असावे की पातळ? जाडवाले म्हणतात, उभे ठेवले तर स्वतःच्या बळावर उभे राहते तेच खरे जॅकेट. पातळवाले म्हणतात, अंगाला बसत नाही, हात वर होत नाही, असले चिलखत हवे कुणाला? घोड्याचे चांगले की बैलाचे, बकऱ्याचे चांगले की मेंढीचे, यावर हे लोक तासन्‌तास बोलतात. एकेका जॅकेटसाठी लाखाच्या आसपास पैसे मोजतात.

या वादात आम्हाला रस आहे, आणि तो शौकापुरता नाही. चामड्याबद्दल जगात कुणीही बोलू लागले की आपले कान टवकारले पाहिजेत. कारण ज्या वस्तूच्या जाडीवर, वासावर, सुरकुत्यांवर हे लोक भाळतात, तीच वस्तू हाताळली म्हणून आपल्या आजा-पणज्यांना गावाबाहेर ठेवले गेले. तिकडे चामड्याचा वास म्हणजे अस्सलपणाची खूण, इकडे चामड्याचा वास म्हणजे आडनाव विचारण्याचे निमित्त. हा फरक चामड्यात नाही. मग तो कुठे आहे, हे इतिहासातून तपासले पाहिजे. आज आपल्या तरुणांना 'परंपरागत कौशल्या'कडे परत बोलावले जात असताना तर ते फारच गरजेचे आहे.

जाड आणि पातळ म्हणजे नेमके काय?

आधी वस्तू समजून घेऊ. चर्मोद्योगात जड चामडे आणि हलके चामडे असे दोन जुने भाग आहेत. तळवे, खोगीर, घोड्याचा साज, यंत्राचे पट्टे यांसाठी लागते ते जड चामडे, आणि ते वजनावर विकले जाते. बुटाचा वरचा भाग, हातमोजे, कपडे यांसाठी लागते ते हलके, आणि ते क्षेत्रफळावर विकले जाते. म्हणजे जॅकेटचे चामडे कितीही जाड असले तरी धंद्याच्या भाषेत ते हलकेच.

जॅकेटवाले जाडी औंसात किंवा मिलिमीटरमध्ये सांगतात. एक औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, साधारण ०.४ मिलिमीटर. मोटारसायकलच्या दणकट जॅकेटचे चामडे १.२ ते १.४ मिलिमीटर असते. दुकानातल्या मऊ फॅशन जॅकेटचे, कोकराच्या कातड्याचे, ०.६ ते ०.८ मिलिमीटर. बैलाचे कच्चे कातडे याच्या कितीतरी पट जाड असते. ते यंत्रावर आडवे चिरून थर काढावे लागतात. वरचा थर मजबूत, खालचा थर जाड दिसला तरी कमजोर.

इथेच जाडवाल्यांचा पहिला दावा अडखळतो. जाडी म्हणजे बळ नव्हे. कांगारूचे पातळ चामडे त्याच जाडीच्या गाईच्या चामड्यापेक्षा मजबूत ठरते, म्हणून शर्यतीचे पोशाख त्याचे शिवतात. चामडे कोणत्या प्राण्याचे, कोणत्या थराचे, कसे कमावलेले आणि शिवण कशी, यावर रस्त्यावर घसरल्यावर कातडी वाचेल की नाही हे ठरते. मूळ पाहून गुण ठरवण्याची खोड माणसाला चामड्यातही सोडत नाही.

दुसरी गोष्ट कमावण्याची. जुनी पद्धत वनस्पतींच्या रसाची. आपल्याकडे बाभळीची साल, तरवडाची साल, हिरडा. कातडे चुन्यात भिजवायचे, केस आणि मांस खरवडायचे, मग सालीच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे, जाड कातडे असेल तर महिनेच्या महिने ठेवायचे. यातून भरीव, ताठ, जड चामडे निघते. १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झने क्रोमियमच्या क्षारांनी कमावण्याची पेटंटे घेतली, आणि महिन्यांचे काम दिवसांवर आले. चामडे मऊ, लवचीक आणि पाण्याला टिकणारे निघू लागले. अंगावर घालायचे चामडे स्वस्तात आणि मुबलक मिळण्यामागे या क्रोमचा मोठा हात आहे.

अमेरिकेतले जॅकेट: कामाचे कापड ते बंडाचे कापड

१९१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रशियातून आलेल्या ज्यू स्थलांतरितांच्या दोन मुलांनी, आयर्विंग आणि जॅक शॉट यांनी, कपडे शिवण्याचा धंदा काढला. १९२८ मध्ये आयर्विंग शॉटने मोटारसायकलवाल्यांसाठी तिरक्या चेनचे जॅकेट केले आणि आपल्या आवडत्या सिगारच्या नावावरून त्याला 'परफेक्टो' म्हटले. लाँग आयलंडच्या हार्ले-डेव्हिडसन विक्रेत्याकडे ते साडेपाच डॉलरला मिळत असे. तिरकी चेन यासाठी की पुढे वाकून बसल्यावर ती पोटाला टोचू नये आणि वारा आत शिरू नये. चामडे जाड, कारण रस्ता खडबडीत आणि थंडी कडक. १९३१ मध्ये अमेरिकन लष्कराने वैमानिकांसाठी 'ए-२' जॅकेट ठरवले, तेही बहुतांशी घोड्याच्या कातड्याचे.

घोड्याचेच का? कारण तेव्हा अमेरिकेत घोडा हे श्रमाचे जनावर होते. शेतात, गाडीला, शहरात सगळीकडे घोडे राबत होते आणि मेल्यावर त्यांचे कातडे स्वस्त मिळत होते. ट्रॅक्टर आणि मोटारी आल्या, घोडे कमी झाले, कातडे दुर्मीळ झाले आणि बैलाच्या चामड्याने त्याची जागा घेतली. आज घोड्याचे जाड जॅकेट श्रीमंती शौक मानला जातो. तेव्हा तो कामगाराला परवडणारा माल होता. वस्तू तीच राहिली, ती वापरणारा वर्ग बदलला, आणि तिची प्रतिष्ठा बदलली.

१९५३ मध्ये 'द वाइल्ड वन' चित्रपटात मार्लन ब्रँडोने असे जॅकेट घातले आणि ते बंडखोर पोरांचा गणवेश झाले. अमेरिकेतल्या कित्येक शाळांनी त्यावर बंदी घातली. ऑक्टोबर १९६६ मध्ये ओकलंडमध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पार्टी स्थापन केली. काळे चामडी जॅकेट, निळा शर्ट आणि काळी बेरे टोपी हा त्यांचा वेश. पोलिसांच्या बंदुकीसमोर कृष्णवर्णीय तरुण काळ्या चामड्यात ताठ उभा राहिला, ते चित्र जगभर गेले.

१९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पिढीने दलित पँथर उभी केली. नाव समुद्र ओलांडून आले. जॅकेट मात्र आपल्या चळवळीचा गणवेश झाले नाही. मुंबईचा उकाडा आणि खिशातली चणचण ही कारणे आहेतच. पण आम्हाला त्यात आणखी एक अर्थ दिसतो. कृष्णवर्णीय अमेरिकनांची गुलामी कापसाच्या शेतात होती, चामड्याने त्यांना हिणवले गेले नव्हते. म्हणून चामडे अंगावर चढवणे त्यांना सोपे होते. आपल्याला मात्र चामड्यानेच ओळखले गेले. आपल्या माणसाची सुटका चामडे अंगावर घेण्यात नव्हती, ते खांद्यावरून उतरवण्यात होती.

जपान: जिथे जॅकेटवाल्यांची काशी आहे

आज जुन्या ए-२ जॅकेटच्या हुबेहूब प्रती बनवण्यात जपानी कंपन्या पुढे आहेत. वापरून वापरून काळा रंग झिजावा आणि आतला तपकिरी दिसावा, यासाठी ते खास चामडे रंगवतात. जगभरचे शौकीन या 'जिवंत' चामड्याचे गोडवे गातात. जपानातल्या चामड्याचे एक मोठे केंद्र म्हणजे ह्योगो प्रांतातले हिमेजी.

पण जपानात कातडे कमावणारे कोण होते? तिथेही मेलेले जनावर उचलणारा, कातडे सोलणारा, कमावणारा समाज अस्पृश्य ठरवला गेला होता. आज त्यांना बुराकू लोक म्हणतात. बौद्ध आणि शिंतो कल्पनांमधल्या विटाळाचा आधार घेऊन त्यांच्या वस्त्या वेगळ्या काढल्या गेल्या. जाती एकट्या हिंदू समाजाचे वैशिष्ट्य आहेत, म्हणून हा प्रश्न 'आपल्या संस्कृतीचा' आहे, असे सांगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. आणि बौद्ध म्हणवणाऱ्या समाजातही विटाळ शिरू शकतो, हे आपणही लक्षात ठेवावे. बाबासाहेबांनी धम्म जसाच्या तसा उचलला नाही, विवेकाने तपासून घेतला, त्याचे महत्त्व इथे कळते.

१८७१ मध्ये जपान सरकारने हुकूम काढून हा दर्जा रद्द केला. कागदावर समता आली, पण चामड्याच्या धंद्यावरची त्यांची पूर्वापार मक्तेदारीही गेली आणि मोठे भांडवल त्या धंद्यात उतरले. अपमान तसाच राहिला आणि भाकरी तेवढी हातची गेली. मग ३ मार्च १९२२ रोजी क्योटोमध्ये त्यांनी सुइहेइशा ही समतेची संघटना काढली. दया नको, सन्मान हवा, अशी तिची भूमिका होती. पुढे पाचच वर्षांत महाडला आपल्या माणसांनी ओंजळ भरली. पण १९७५ मध्ये जपानात उघडकीस आले की बुराकू वस्त्यांच्या पत्त्यांच्या याद्या कंपन्यांना विकल्या जात होत्या, नोकरी मागणारा 'तसल्या' वस्तीतला तर नाही ना हे तपासायला. जॅकेटवर भाळणाऱ्या जगाला ही यादी ठाऊक नसते.

आपल्याकडचे जड आणि हलके

आता आपल्या गावाकडे या. मेलेले जनावर ओढायचे महारांनी, कातडे कमवायचे ढोरांनी, वहाणा शिवायच्या चांभारांनी, दोर वळायचे मांगांनी. एका कातड्याचे चार टप्पे आणि प्रत्येक टप्प्याला एक जात. शिवाय प्रत्येक जात खालच्या टप्प्यापेक्षा स्वतःला वरची समजणार, रोटी नाही, बेटी नाही. जात ही कामाची वाटणी नसून काम करणाऱ्यांची आपसात फाळणी आहे हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मांडले. त्याचा धडधडीत पुरावा एका मेलेल्या बैलात सापडतो.

या चामड्याशिवाय गावगाडा चालत नव्हता. विहिरीतून पाणी काढायची मोट चामड्याची. ते खरे जड चामडे. त्या मोटेचे पाणी उसाला गेले, गव्हाला गेले, दांडातून ओंजळीने प्यायले गेले. चामड्याच्या मोटेने पाणी बाटले नाही. मोट शिवणाऱ्याची सावली पडली की मात्र बाटत होते! पखवाज आणि तबल्यावर बकऱ्याचे पातळ कातडे. ते देवळात, गाभाऱ्यापर्यंत वाजले. कातडे आत आणि कातडे कमावणारा बाहेर. दक्षिणेत मृदंग बनवणाऱ्या कारागिरांवर टी. एम. कृष्णा यांनी २०२० मध्ये पुस्तक लिहिले. त्यात गाईच्या कातड्याचा आणि दलित ख्रिस्ती कारागिरांचा विषय होता. चेन्नईच्या कलाक्षेत्र संस्थेने प्रकाशनासाठी दिलेली जागा ऐनवेळी नाकारली. आपण ऐकतो तो नाद कुणाच्या हातून आला, एवढे बोलणेही सहन होत नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, चामड्यात विटाळ कधीच नव्हता. असता तर तो मोटेला, पखवाजाला, पेशव्यांच्या घोड्याच्या खोगिराला लागला असता. विटाळ ही श्रम फुकटात मिळवण्याची युक्ती होती.

साहेबाचे बूट आणि आपले कातडे

इंग्रजी अमलात हे कातडे समुद्रापार गेले. मद्रास आणि मुंबई इलाख्यातून सालीने कमावलेली हलकी गाईची कातडी 'ईस्ट इंडिया किप्स' या नावाने इंग्लंडला जात. पहिल्या महायुद्धात सरकारने ती सैनिकांच्या बुटांसाठी विकत घेतली. कानपूरला १८६० च्या दशकात लष्कराचा साज-खोगिराचा कारखाना निघाला, पुढे कूपर अ‍ॅलन कंपनी बूट बनवू लागली. भारतातून बकऱ्यांची कच्ची कातडी मोठ्या प्रमाणावर अमेरिकेला जात आणि तिथे क्रोमने कमावून मऊ चामडे होई. म्हणजे कच्चा माल आपला, पक्का नफा त्यांचा.

मद्रासमध्ये अल्फ्रेड चॅटर्टन या अधिकाऱ्याने १९०३ च्या सुमारास क्रोम पद्धतीचे प्रयोग सुरू केले. कशासाठी? तर मुख्यतः मोटेसाठी! क्रोमचे चामडे पाण्यात जास्त टिकते. पण सरकारने असे उद्योग चालवू नयेत असा निर्णय १९१० मध्ये लंडनहून भारतमंत्री मोर्ले यांनी दिला आणि तो कारखाना हातचा गेला. कातडे कमावणाऱ्या समाजाच्या हातात नवे रसायनशास्त्र द्यावे, असे ना साहेबाला वाटले, ना इथल्या सावकाराला.

दोन वाटा, एकच तत्त्व

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडण्याचा आग्रह धरला. पुढच्याच वर्षी त्यांनी मुंबई विधिमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले. ढोरे ओढण्याचे काम सोडल्याने अस्पृश्यांचे किती उत्पन्न बुडते, असा शिंगे-कातड्यांचा हिशेब 'केसरी'तून मांडला गेला. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी त्याची आठवण करून दिली. त्यांचे उत्तर सरळ होते. नफा एवढाच असेल तर तो तुम्ही घ्या, ढोरे तुम्ही ओढा. हिशेब करणाऱ्यांपैकी कुणी पुढे आला नाही.

दुसरीकडे पाहा. आग्र्याचे जाटव पादत्राणांच्या धंद्यात मालक झाले, त्या पैशातून शाळा आणि संघटना उभ्या राहिल्या, आणि आग्रा आंबेडकरी चळवळीचा बालेकिल्ला बनला. पंजाबात मंगूराम यांच्या आद-धर्म चळवळीला १९२६ पासून जालंधरच्या बूटा मंडीतल्या चामड्याच्या व्यापाऱ्यांनी बळ दिले. तिथले सेठ किशनदास विधिमंडळात निवडून गेले. कानपूरमध्ये स्वामी अछूतानंदांच्या आदि-हिंदू चळवळीमागेही चामड्याच्या धंद्यातले लोक होते.

मग महाराष्ट्राने चामडे सोडले आणि उत्तरेने धरले, यात बरोबर कोण? आमच्या मते दोघेही. महाराष्ट्रात सोडले ते वतन होते, नाकारता न येणारी वेठ होती. आग्रा-जालंधरला धरला तो बाजार होता, जिथे भाव ठरवता येतो, माल नाकारता येतो, मुलाला वकील करता येते. जो धंदा सोडण्याचे स्वातंत्र्य आहे तोच धंदा. सोडता येत नाही ती गुलामी, मग तिला कितीही 'कला' म्हणा.

आज काय चालले आहे?

११ जुलै २०१६ रोजी गुजरातमधल्या मोटा समढियाळा गावच्या तरुणांना मेलेल्या गाईचे कातडे सोलले म्हणून उनामध्ये गाडीला बांधून मारले. सुरेंद्रनगरला आपल्या बांधवांनी मेलेली जनावरे थेट कलेक्टर कचेरीसमोर आणून टाकली. तुमची माता, तुम्ही उचला! महाडचा निर्णय एकोणनव्वद वर्षांनी गुजरातमध्ये पुन्हा जिवंत झाला. त्याआधी २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळूच्या कत्तलीवर बंदी आली, त्याचा फटका कातडी कमावणाऱ्यांना आणि वहाणा शिवणाऱ्यांना बसला. त्याच वर्षी जानेवारीत तामिळनाडूतल्या राणीपेटला चर्मोद्योगाच्या सांडपाण्याची टाकी फुटून १० कामगार मेले. जॅकेट मऊ आहे, त्याच्या मागचे मरण मऊ नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना आणली. अठरा पारंपरिक धंद्यांत चर्मकारी आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपये, दोन टप्प्यांत मिळून ३ लाखांपर्यंत कर्ज. उद्देशात गुरु-शिष्य परंपरा आणि कुटुंबातून चालत आलेले कौशल्य बळकट करण्याची भाषा आहे. गरजू कारागिराने कर्ज घ्यावे, तो त्याचा हक्क आहे, त्याला आम्ही नावे ठेवणार नाही. पण आम्ही विचारतो, कुटुंबातून चालत आलेले कौशल्य बळकट करायचे म्हणजे चांभाराच्या पोराने पुन्हा रापी-आरीच हाती घ्यायची? पुरोहिताच्या पोराला घंटा हलवण्याचे परंपरागत कौशल्य टिकवायला कर्ज का देत नाहीत? त्याच्यासाठी आयआयटी आणि आमच्यासाठी वारसा!

जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल मिरवली आणि सारा महाराष्ट्र अस्मितेने पेटला. चांगले झाले. पण त्या गदारोळात कोल्हापुरीचा अभिमान सर्वांचा झाला आणि ती शिवणाऱ्याची जात कुणाचीच राहिली नाही. अभिमान वाटून घेताना सगळे पुढे, विटाळ वाटून घेताना आपण एकटे. हे कसे चालेल?

आपली भूमिका

मित्रांनो, कुणी जाड चामड्याचे जॅकेट घालून बुलेटवरून हिंडत असेल तर खुशाल हिंडावे. बाबासाहेबांनी आपल्याला नीटनेटके, रुबाबात राहायला शिकवले आहे. चामडे घालण्यात लाज नाही आणि चामड्याचे काम करण्यातही लाज नाही. लाज त्या व्यवस्थेला वाटली पाहिजे जी काम जन्माने लादते आणि मोल जातीने ठरवते.

पण कौशल्याच्या नावाखाली जुन्याच चौकटीत बसायला आपण तयार नाही. चर्मोद्योगात जायचे तर चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी रसायनशास्त्र शिकून जा, कारखान्याचे भागीदार म्हणून जा, कामगार म्हणून गेलात तर युनियन बांधून जा. जायचे नसेल तर न जाण्याचा हक्क आपल्या पूर्वजांनी महाडला कमावून ठेवला आहे. आणि महार, मांग, चांभार, ढोर या चार टप्प्यांत एका बैलाने आपल्याला वाटून ठेवले होते, ती वाटणी मोडल्याशिवाय यातले काहीच साधणार नाही. रोहिदासांची जयंती एका गल्लीत, अण्णाभाऊंची दुसऱ्या आणि भीमजयंती तिसऱ्या गल्लीत, हे जोवर चालेल तोवर ढोर ओढणारे बदलतील, ओढायला लावणारे तेच राहतील.

जॅकेटच्या चामड्याची जाडी मोजायला यंत्र आहे. जातीचे वजन मोजायचे यंत्र अजून निघालेले नाही. ते ज्याच्या खांद्यावर आहे त्यालाच कळते, आणि उतरवायचेही त्यानेच असते.

जय भीम!